दोम्ब्रोव्हा, पण कुठलं? एका पोलिश स्थलांतरिताच्या जहाज-नोंदीचं प्रकरण

शिकागोत वारलेल्या एका माणसाचा मृत्यूचा दाखला. नाव जॉर्ज स्टीफन्स, जन्म २३ एप्रिल १८८७, जन्मस्थळ ‘पोलंड’, वडिलांचं नाव जॉन, आईच्या नावाची जागा कोरी. नातवंडांना हवं होतं गावाचं नाव. घरात ऐकीव गोष्ट एकच: आजोबा १९०५ साली न्यूयॉर्कला उतरले आणि एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी-बेटावरच्या, कारकुनाने त्यांचं आडनाव बदलून टाकलं.

(हे कुटुंब, त्यातली नावं आणि तारखा अभ्यासासाठी रचलेल्या आहेत. कागद, रकाने, खुणा आणि चुका मात्र खऱ्या याद्यांत भेटतात तशाच.)

ऐकीव गोष्टीतलं साल चुकलेलं होतं, बंदर चुकलेलं होतं आणि आडनावाचा किस्साही खोटा होता. तो जवळजवळ प्रत्येक घरात सांगितला जातो म्हणून आधी तोच निकालात काढू. एलिस आयलंडवरचा निरीक्षक नावं लिहून घेत नसे. त्याच्यासमोर जहाजाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, आधीच भरलेलं असे. ते भरत जहाज कंपनीचे कारकून, तेही युरोपातल्या बंदरात. निरीक्षक त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारी आणि खूण करी. नाव बिघडलं असेल तर ते ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गला बिघडलं. अमेरिकन वळणाचं नाव बहुधा पुढे कित्येक वर्षांनी माणसाने स्वतःच घेतलं.

‘पोलंड’ या शब्दालाही इथे फारसा अर्थ नाही. १८८७ साली पोलंड नावाचं राज्यच नव्हतं. प्रदेश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटलेला होता. कोणता तुकडा हे ठरल्याशिवाय पुढचा कागद कोणत्या भाषेतला, हेसुद्धा ठरत नाही. १९२० च्या जनगणनेत स्टीफन्सच्या नावाने काहीच मिळालं नाही. १९३० च्या जनगणनेत मिळालं: स्थलांतराचं साल १९०८, आणि नागरिकत्वाच्या रकान्यात ‘एनए’, म्हणजे नागरिक झालेला. ‘पीए’ असतं तर फक्त पहिला कागद दाखल, ‘एएल’ असतं तर परका. या दोन अक्षरांनी कामाची दिशा बदलली. माणूस १९०६ नंतर नागरिक झाला असेल, तर जहाजाच्या याद्यांत डोकं घालण्याआधी नागरिकत्वाची फाइल मागवायची. २७ सप्टेंबर १९०६ पासून या फाइलींचा नमुना देशभर एकच झाला, आणि त्यात जहाज, बंदर, तारीख, जन्मगाव असे सगळे रकाने आले.

नागरिकत्वाची फाइल

फाइलीत दोन कागद महत्त्वाचे: १९२४ चं नागरिक होण्याच्या इराद्याचं घोषणापत्र (वर आलेला ‘पहिला कागद’) आणि १९२८ चा अर्ज. घोषणापत्र अर्जाच्या किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं आधीचं असावं लागे, त्यामुळे एक सापडलं की दुसरं कोणत्या वर्षांत शोधायचं ते कळतं. घोषणापत्रावर नाव होतं वोइचेख श्चेपान्स्की. अर्जाच्या मागच्या बाजूला न्यायालयाचा आदेश: यापुढे जॉर्ज स्टीफन्स. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्व देतानाच नाव बदलून देण्याची सोय न्यायालयाला दिली होती. झालेला बदलही उगाच झालेला नव्हता. श्चेपान म्हणजेच पोलिशमधला स्टीफन, म्हणजे आडनावाचं सरळ भाषांतर झालं. वोइचेखला इंग्रजीत जोड नाही. जर्मन आणि लॅटिन कागदांत तो अॅडालबर्ट किंवा आल्बर्ट होतो, अमेरिकेत बरेचदा जॉर्ज. (व्वादिस्वाफचा वॉल्टर, चेस्वाफचा चेस्टर, स्तानिस्वाफचा स्टॅन्ली हेही असेच ठरून गेलेले.)

अर्जाला आगमनाचा दाखला जोडलेला होता: बंदर बाल्टिमोर, मे १९०८, ब्रेमेनहून आलेलं जहाज. हा दाखला माणसाच्या आठवणीवर विसंबत नाही. इमिग्रेशन खात्याचा कारकून मूळ यादी उघडून ओळ सापडल्यावरच तो देत असे. २९ जून १९०६ नंतर आलेल्यांना तो सक्तीचा होता. घोषणापत्रातली तारीख मात्र अर्जदाराने तोंडी सांगितलेली असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी सहज चुकते. दोन्हींत फरक पडला तर दाखल्याची तारीख धरावी.

बाल्टिमोरचं आश्चर्य वाटायला नको. नॉर्डडॉयचर लॉइड कंपनीचा बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेशी १८६० च्या दशकापासून करार होता. लोकस्ट पॉइंटच्या धक्क्यावर उतरलेला माणूस तिथेच आगगाडीत बसून पिट्सबर्ग किंवा शिकागो गाठत असे. पोलिश पूर्वज न्यूयॉर्कच्या याद्यांत मिळेना, तर पुढचा शोध बाल्टिमोरचा.

आता मूळ नाव हाती आलं, तेव्हा १९१७ चं लष्करी नोंदणीचं कार्डही निघालं. ५ जून १९१७ ची पहिली नोंदणी २१ ते ३० वयाच्या पुरुषांची होती आणि तिच्यात जन्मगाव विचारलेलं असे. १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर ते विचारलेलं नाही, हा फरक लक्षात ठेवावा. या कार्डावर गाव म्हणून ‘लोम्झा, रशिया’ एवढंच. पण खाली त्याची स्वतःची सही होती. साक्षर माणसाची सही म्हणजे त्याचं नाव त्याच्याच हातचं, कारकुनाच्या कानातून न गेलेलं. पुढची सगळी ताडणी या सहीशी करायची.

सापडत का नव्हतं

जहाज आणि महिना कळूनही नावाने शोध घेतला की उत्तर शून्य. कारण समजून घ्यायला नाव आधी देवनागरीत लिहून पाहावं. मराठी वाचकाला इथे आयती सोय आहे: ‘श्च’ हे आपण एका जोडाक्षरात लिहितो. पोलिशमध्ये त्यासाठी एस-झेड-सी-झेड अशी चार अक्षरं लागतात. जर्मन कारकून तोच आवाज ऐकून एस-सी-एच-टी-एस-सी-एच अशी सात लिहितो, कंटाळला तर नुसतं एस-सी-एच. घाईत असला तर सी-झेड.

अमेरिकन साउंडेक्स ही आवाजावरून नावं शोधण्याची जुनी पद्धत पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. मूळ पोलिश स्पेलिंगचा कोड येतो एस-१५२. सात अक्षरी जर्मन रूपाचा एस-३२१. सी-झेडने सुरू केलं तर सी-१५२. नाव एकच असून तीन कप्पे. स्लाव्हिक आणि यिद्दिश नावांसाठी १९८५ मध्ये तयार झालेली डाइच-मोकोटॉफ पद्धत पहिल्या आवाजालाही आकडाच देते. तिच्यात पोलिश आणि सात अक्षरी जर्मन रूप दोन्ही २७६४५० वर येतात. पण तीही सर्वज्ञ नाही: नुसत्या एस-सी-एचने किंवा सी-झेडने सुरू केलेलं रूप ४७६४५० वर जातं. म्हणून या आडनावासाठी दोन कोड शोधायचे, एक नव्हे.

या प्रकरणात दोन्ही कोड वाया गेले, कारण बिघाड कारकुनाच्या कानाचा नव्हता, इंडेक्स, म्हणजे याद्या वाचून शोधासाठी नावांची सूची, करणाऱ्याच्या डोळ्यांचा होता. मोठा एस एलसारखा दिसला, शेपटीवाला झेड वायसारखा, आणि श्चेपान्स्कीचं झालं ‘लिचेपान्स्की’. वोइचेखच्या पहिल्या डब्ल्यूचा एम झाला. एलने सुरू होणाऱ्या नावाचा कोड कुठल्याच हिशेबात बसणार नव्हता. अशा वेळी नावाची शेपटी धरावी. पोलिश आडनावांचा बिघाड बहुधा पहिल्या चार अक्षरांत होतो आणि शेवट शाबूत राहतो. सुरुवातीला तारा (*, म्हणजे ‘इथे कोणतीही अक्षरं चालतील’) टाकून फक्त ‘-एपान्स्की’ एवढा भाग दिला आणि वर्ष, बंदर, लिंग यांनी चाळणी लावली, तर यादी वाचण्याजोगी लहान होते. काही संकेतस्थळं दोन्ही टोकांना तारा चालवून घेत नाहीत. तिथे शेवटचं अक्षर एकदा आय आणि एकदा वाय देऊन दोनदा शोधावं.

तारीख पक्की असेल तर याहूनही खात्रीचा रस्ता म्हणजे शोधपेटी बंद करून ती यादी पहिल्या पानापासून चाळणं. एका पानावर ३० ओळी. हजार-बाराशे प्रवाशांचं जहाज म्हणजे पस्तीस-चाळीस पानं, आणि १९०७ नंतरच्या नमुन्यात प्रत्येक पानाची जोडी. दोन तासांचं काम. इंडेक्सशी आठवडाभर झगडणारे लोक हे दोन तास द्यायला तयार नसतात, याचं नेहमी नवल वाटतं.

ओळ

डाव्या पानावर बारा रकाने: क्रमांक, नाव, वय, लिंग, विवाहित की नाही, धंदा, लिहिता-वाचता येतं का, नागरिकत्व, वंश, शेवटचं राहण्याचं ठिकाण, मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता, आणि जायचं ठिकाण. नातलगाचा रकाना १९०७ च्या कायद्याने आला. गाव शोधणाऱ्यासाठी सगळ्या यादीत त्याच्याइतका मोलाचा दुसरा रकाना नाही. उजव्या पानावर तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ किती डॉलर, कोणाकडे जाणार, उंची, डोळ्यांचा रंग आणि अगदी शेवटी, एकोणतिसाव्या रकान्यात, जन्मगाव. संकेतस्थळ साधारणपणे डावंच पान उघडून देतं. पुढची प्रतिमा उघडायची राहिली की निम्मा कागद न वाचताच राहतो. उजव्या पानावर नावं नसतात, म्हणून ओळ क्रमांकाने जुळवायचं आणि दोन्ही पानांवरचा पत्रक क्रमांक एकच आहे ना ते पाहायचं. फिल्म काढताना पानं मागेपुढे झालेली असतात.

ही ओळ अशी होती: वय २१, पुरुष, विवाहित, शेतमजूर, लिहिता-वाचता येतं, रशिया, पोलिश. इंडेक्सने वय २७ दिलं होतं. जर्मन हातचा १ लांब चढत्या रेघेने सुरू होतो आणि सवय नसलेल्याला ७ वाटतो. त्याच हाताचा खरा ७ ओळखता येतो, कारण त्याला मध्ये आडवी काट असते. एकाच पानावरचे पाच-सहा १ आणि ७ शेजारी ठेवून पाहिले की शंका उरत नाही. ज्यांनी मोडी वाचायला शिकलंय त्यांना ही रीत नवी नाही: अडलेलं अक्षर पुस्तकातल्या तक्त्यात नाही शोधायचं, त्याच लेखकाच्या ओळखीच्या शब्दांत शोधायचं. ‘रशिया’, ‘शिकागो’, ‘फादर’ हे शब्द प्रत्येक पानावर दहा-वीसदा येतात. त्यांतून त्या कारकुनाची मुळाक्षरं बनवून घ्यावीत.

धंद्याच्या रकान्यावर वेगळ्या शाईत आकडा-रेघ-आकडा अशी खूण आणि १९२७ मधली तारीख. नवखे लोक हिला तिकीट क्रमांक समजतात. ही आगमन पडताळल्याची नोंद. नागरिकत्वाच्या अर्जाआधी आगमनाचा दाखला काढताना खात्याच्या माणसाने हीच ओळ उघडली होती. १९२८ च्या अर्जाशी तारीख जुळली, म्हणजे माणूस हाच. नावाच्या साम्यावर विसंबायची गरज उरली नाही.

उजव्या पानावर: पैसे मेहुण्याने दिले, जवळ १२ डॉलर, जाणार मेहुण्याकडे, साउथ शिकागोतला एक पत्ता. पोलादाच्या कारखान्यांचा भाग, तेव्हा शेतमजूर तिथे काय करणार होता ते उघड आहे. पत्ता जसाच्या तसा उतरवून ठेवला, पुढे तोच कामाला आला.

आणि गाव. शेवटच्या ठिकाणी ‘दोम्ब्रोवा’. जन्मगावी ‘दोम्ब्रोवा’. नातलगाच्या रकान्यात: वडील यान, दोम्ब्रोवा, पुढे एक चिंचोळा शब्द, लोम्झा.

व्हिल्की की व्ह्येल्का

स्पेलिंगमधला ‘ओम’ आधी उलगडू. पोलिशमध्ये शेपटीवाला ए हे एक अक्षर आहे. ब किंवा प च्या आधी त्याचा उच्चार ‘ओम’ होतो. जर्मन कारकुनाने ऐकलं तसं ओ-एम लिहिलं. पोलिश कोशात मात्र गाव शेपटीवाल्या ए खाली शोधावं लागतं. तसंच लोम्झाचं: पहिलं अक्षर काट दिलेला एल, उच्चार ‘वोम्झा’. हाच काट दिलेला एल हस्तलिखितात टी वाटतो, म्हणून इंडेक्समध्ये व्वादिस्वाफचा ‘व्टादिस्टाव’ सापडतो. शोधताना एलच्या जागी टी घालून पाहणं ही या कामातली अगदी रोजची युक्ती.

लोम्झा हे गावाचं नाव नाही, गुबेर्नियाचं आहे, म्हणजे प्रांताचं. रशियन पोलंडमधले दहा प्रांत त्यांच्या मुख्य शहराच्या नावाने ओळखले जात. परक्याला सांगताना माणूस जवळचं मोठं नाव सांगतो, जसं मुंबईत कोणी ‘आम्ही कोल्हापूरचे’ म्हणतो आणि गाव असतं आजऱ्याकडचं. नोंदणी कार्डावरचं लोम्झा धरून थेट लोम्झा शहराच्या चर्चमध्ये शोध घेतला असता तर काहीच मिळालं नसतं.

आणि दोम्ब्रोव्हा? शब्दाचा अर्थ ओकचं रान. पोलंडमध्ये या नावाची गावं पायलीला पन्नास. १८८० ते १९०२ दरम्यान निघालेल्या ‘स्वोव्निक गेओग्राफिच्नी’ या मोठ्या भूगोलकोशात या नावाखालच्या नोंदी वाचता वाचता पानं उलटत राहावी लागतात. लोम्झा प्रांतापुरतं पाहिलं तरी सुटका नाही. शेप्येतोव्होच्या परिसरात छोट्या सरदार-घराण्यांच्या वाड्यांचा एक पुंजकाच आहे: दोम्ब्रोव्हा-व्हिल्की, दोम्ब्रोव्हा-वाझी, दोम्ब्रोव्हा-मोचिद्वी, दोम्ब्रोव्हा-झावादी, आणखीही. शिवाय जवळच स्वतंत्र दोम्ब्रोव्हा व्ह्येल्का. चिंचोळा शब्द ‘व्हिल्की’ म्हणजे लांडगे, की ‘व्ह्येल्का’ म्हणजे मोठं? रोमन लिपीत दोन्हींत फरक दोन जागी: मध्ये एक ई आहे की नाही, आणि शेवटी आय की ए.

त्याच पानावरून त्या कारकुनाचे ई गोळा केले. त्याचा ई बारीक आणि बंद, आयला चिकटला की दिसेनासा होणारा. शेवटच्या अक्षरावर ठिपका होता, पण तो वरच्या ओळीतल्या अक्षराची शेपटीही असू शकत होता. कल व्हिल्कीकडे, खात्री नाही. अशा ठिकाणी मनाला पटेल ते वाचून पुढे जाणं ही सर्वांत महागडी चूक. एका चुकीच्या गावात त्याच नावाचा दुसरा वोइचेख भेटतो आणि मग पूर्ण वंशवृक्ष परक्याचा उभा राहतो. शंका लिहून ठेवली आणि दुसरा साक्षीदार शोधला.

बायकोची यादी

तो साक्षीदार म्हणजे बायको. वोइचेख विवाहित होता पण एकटा आला, म्हणजे बायको नंतर आली असणार. ती ‘-स्की’खाली मिळणार नाही. पोलिशमध्ये स्त्रीचं आडनाव ‘-स्का’ होतं, आणि नवऱ्यासोबत प्रवास करत नसेल तर इंडेक्समध्ये ते तसंच राहतं. १९१० साली हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला आलेली, वय २२, सोबत दोन वर्षांचं मूल. वेगळं बंदर निघालं हे नशीबच. ब्रेमेनच्या जुन्या प्रस्थान-याद्या नाहीत: १८७५ पासून जागा नाही म्हणून तीन वर्षांहून जुन्या याद्या टाकून दिल्या जात, आणि नंतरच्या बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. उरल्यात त्या १९२० ते १९३९ मधल्या. हॅम्बुर्गच्या १८५० पासून १९३४ पर्यंतच्या, पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडता, शाबूत आहेत. म्हणजे हॅम्बुर्गच्या प्रवाशाची नोंद दोन वेगळ्या कागदांवर मिळते, एक निघतानाची आणि एक पोचतानाची.

न्यूयॉर्कच्या यादीत तिच्या क्रमांकाच्या डावीकडे फुली होती. फुली म्हणजे रोखून ठेवलेली. पुष्कळांच्या मनात लगेच आजार किंवा परत पाठवणी येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: एकट्या बाईला आणि मुलांना नवरा न्यायला येईपर्यंत किंवा त्याचे पैसे-तार येईपर्यंत सोडत नसत. त्याच जहाजाच्या यादीच्या शेवटी, शेवटच्या प्रवाशानंतर, रोखलेल्यांची वेगळी पत्रकं असतात. तिथे तिचं नाव, कारण ‘नवऱ्याकडे’, नवऱ्याचं नाव आणि पत्ता, सुटण्याची तारीख-वेळ, आणि जहाज कंपनीच्या खर्चाने किती न्याहाऱ्या, जेवणं, रात्रीची जेवणं दिली त्याचे आकडे. पत्ता साउथ शिकागोतला, तोच. १९०८ साली मेहुण्याचा म्हणून लिहिलेला घर क्रमांक आणि रस्ता दोन वर्षांनी नवऱ्याचा म्हणून आला. दोन याद्या एकाच कुटुंबाच्या आहेत हे या एका ओळीने बांधलं. मूल आणि मेहुणा यांच्यामुळे ते आधीच दिसत होतं, पण दिसणं आणि बांधलं जाणं यात फरक आहे.

हॅम्बुर्गच्या यादीत राहण्याच्या ठिकाणी कारकुनाने दोम्ब्रोवा गाळून नुसतं ‘व्हिल्की, लोम्झा’ लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या यादीत नातलग म्हणून सासरे यान, दोम्ब्रोवा-व्हिल्की, मोठ्या सुट्या अक्षरांत. दोन वेगळे हात, एकच वाचन. आता गाव लिहायला हरकत नव्हती.

चर्चची नोंदवही

गावाहून पॅरिशकडे, म्हणजे ते गाव ज्या चर्चच्या हद्दीत येतं तिकडे, जाताना नकाशातलं जवळचं चर्च धरू नये. एकमेकांना खेटून असलेल्या वाड्या वेगळ्या पॅरिशमध्ये असू शकतात. स्वोव्निकमध्ये बहुतेक नोंदींत पॅरिश लिहिलेली असते, ती घ्यावी. आज हा भाग पोडलास्कीए प्रांतात येतो, त्यामुळे गेनेतेका या स्वयंसेवकांच्या इंडेक्समध्ये तोच प्रांत निवडायचा. पॅरिशचं साल इंडेक्स झालेलं नसेल तर पोलंडच्या राज्य अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर स्कॅन पाहायचे. कायद्याने जन्मनोंदी १०० वर्षांनी आणि विवाह-मृत्यूच्या ८० वर्षांनी खुल्या होतात, म्हणजे १८८७ साठी आडकाठी नाही.

रशियन भागात १८६८ पासून नोंदी रशियनमध्ये आहेत. घाबरायचं कारण नाही: मजकूर ठरीव असतो आणि नावांपुढे कंसात बरेचदा पोलिश स्पेलिंग दिलेलं असतं. १८८७ च्या वहीत व्हिल्कीचा वोइचेख श्चेपान्स्की सापडला, वडील यान. जन्मतारीख दुहेरी: २९ मार्च / १० एप्रिल. पहिली ज्युलियन, दुसरी ग्रेगोरियन, एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा. मग आयुष्यभर सांगितलेली २३ एप्रिल कुठून आली? २३ एप्रिल हा संत वोइचेखचा दिवस. पोलिश घरांत वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, आणि अमेरिकन कारकुनाने जन्मतारीख विचारली की माणूस पाठ असलेला दिवस सांगून मोकळा होई. वहीत नेमकी २३ एप्रिल शोधणारा ही नोंद ‘आपली नाही’ म्हणून सोडून देतो.

वहीत त्याच दशकात आणखी एक वोइचेख श्चेपान्स्की आहे, १८८५ चा, शेजारच्या वाझीचा, त्याचेही वडील यान. दोघांना वेगळं केलं १९०७ च्या विवाहनोंदीने: २९ जानेवारी / ११ फेब्रुवारी (विसाव्या शतकात फरक १३ दिवस), लेंटच्या उपवासाच्या दोन दिवस आधी, म्हणजे लग्नसराईच्या अगदी टोकाला. तीत वराचं वय १९, गाव व्हिल्की, आईचं माहेरचं आडनावही आहे आणि ते १८८७ च्या जन्मनोंदीशी जुळतं. वधूचं नाव १९१० च्या यादीतलंच.

फाइलीत दोन गोष्टी उघड्या ठेवल्या आहेत. मेहुण्याची स्वतःची जहाज-नोंद अजून मिळालेली नाही. त्याचं आडनाव काट दिलेल्या एलने सुरू होतं, तेव्हा पुढचा शोध एल आणि टी दोन्हींखाली, बाल्टिमोर आधी, १९०२ ते १९०७. आणि वाझीचा यान व्हिल्कीच्या यानचा चुलतभाऊ आहे का, हे १८६८ आधीच्या पोलिश भाषेतल्या नोंदी पाहिल्यावर ठरेल.